मार्कर टाकण्याआधी ठरवा: नोंद फूटेजची की कटची?

व्हिडिओ एडिटिंगमध्ये मार्कर, म्हणजे ठरावीक जागेवरची छोटी खूण, टाकायला कुणी शिकवावं लागत नाही. एम दाबला की पडतो. अडचण पुढे येते. दीड-दोनशे मार्कर पडलेले असतात, सगळे एकाच रंगाचे, निम्म्यांना नावच नाही. आणि रफ कटमधून, म्हणजे जुळवणीच्या पहिल्या कच्च्या मसुद्यातून, एक प्रसंग उडवला की उरलेले भलत्याच शॉटवर जाऊन बसतात. मग एडिटर वैतागतो, मार्करचा नाद सोडतो आणि पुन्हा प्लेहेड (चालू जागा दाखवणारी उभी रेघ) ओढत शॉट शोधत बसतो.

यातल्या बहुतेक घोळाचं मूळ एकच आहे. मार्कर दोन जातींचे असतात. एक क्लिपवर बसतो आणि क्लिप जाईल तिथे तिच्यासोबत जातो. दुसरा टाइमलाइनच्या पट्टीवर, म्हणजे वेळेवर बसतो. त्याच्याखाली कोणती क्लिप आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कळ मात्र दोन्हींना एकच. म्हणून कळ दाबण्याआधी विचारायचं: ही नोंद फूटेजची आहे की या कटची? ‘इथे आवाज फाटलाय’ ही फूटेजची नोंद. तो शॉट कुठल्याही कटमध्ये गेला तरी आवाज फाटलेलाच राहणार. ‘इथून संगीत सुरू’ ही कटची नोंद; खालचा शॉट बदलला तरी संगीत तिथूनच सुरू व्हायचंय.

खालचे टप्पे प्रीमिअर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह ही दोन एडिटिंग सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. कळा मूळ कीबोर्ड सेटिंगमधल्या आहेत. तुम्ही त्या बदलल्या असतील तर तुमच्या तुम्हाला ठाऊक.

## टप्पा १: मार्करच्या आधीची कामं

मार्कर सगळ्यात आधी टाकावेत असं वाटतं खरं, पण त्याआधी तीन गोष्टी उरकलेल्या असाव्यात.

पहिली, सिंक. कॅमेऱ्याचं चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जोडायचा असेल किंवा मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची एकत्र क्लिप) बनवायचं असेल, तर ते आधी करा. सुट्या क्लिपवर टाकलेले मार्कर सुट्या क्लिपवरच राहतात. जोडून तयार झालेल्या नव्या क्लिपवर ते दिसतील याची खात्री नसते. अपवाद एकच: टाळीच्या, म्हणजे शूटिंगच्या पाटीचा खटका वाजतो त्या, फ्रेमवरचा मार्कर. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) जुळत नसेल आणि एखाद्या कॅमेऱ्याचा आवाजही कामाचा नसेल, तर प्रत्येक क्लिपमध्ये पाटी मिटते त्या नेमक्या फ्रेमवर मार्कर टाका, नाव सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा आणि सिंक करताना क्लिप मार्करचा पर्याय निवडा. प्रीमिअरमध्ये ही सोय आहे.

दुसरी, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. मोबाइलचं फूटेज बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. ते ठरावीक फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. मार्कर टाकून झाल्यावर मूळ फाइल बदलली तर खुणा काही फ्रेम इकडेतिकडे सरकलेल्या सापडू शकतात. प्रॉक्सीची, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या नकलेची, मात्र काळजी नको. प्रॉक्सी त्याच क्लिपला जोडलेली असते, मार्कर जागेवरच राहतात.

तिसरी, क्लिपची नावं आणि बिन (क्लिप ठेवायचे फोल्डर). मार्कर क्लिपच्या आतली जागा सांगतो. क्लिप कोणती हे नावानेच कळायला हवं. ‘सी०००७’मध्ये छान मार्कर टाकून ठेवले तरी आठवड्याने ‘सी०००७’ म्हणजे काय हेच आठवत नाही.

तपासा: जोडलेली क्लिप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी चालवून ओठ आणि आवाज जुळताहेत ना ते बघा. सिंक नंतर मोडलं तर तोवर टाकलेले मार्करही वाया जातात.

## टप्पा २: रंग आणि नावांचा नियम कागदावर

प्रीमिअर मार्करला आठ रंग देतं, रिझॉल्व्ह सोळा. सगळे वापरायचा मोह होतो. माझ्या मते पाचाच्या वर गेलात की रंगांचा अर्थ डोक्यात राहत नाही आणि दर वेळी यादी बघावी लागते. मी ठेवतो ते असे:

- हिरवा: घ्यायचाच असा बाइट (बोलण्यातला वापरायचा तुकडा) किंवा ओके टेक
- पिवळा: बरा आहे, दुसरं काही नसेल तर
- लाल: दोष – फोकस, आवाज, माइक फ्रेममध्ये
- निळा: बी-रोल (वरून टाकायचे पूरक शॉट) किंवा ग्राफिक लागणार
- जांभळा: फक्त चॅप्टर, दुसऱ्या कशासाठीही नाही

तुमचे रंग वेगळे असले तरी चालेल. चॅप्टरचा रंग मात्र राखीवच ठेवा; कारण सहाव्या टप्प्यात येईल. ही यादी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. हाताखाली असिस्टंट असेल तर त्याने रंग स्वतः ठरवण्याआधी ती त्याच्या हातात पडायला हवी.

फायनल कट प्रो वापरणाऱ्यांना इथे वेगळा हिशेब करावा लागतो. तिथे रंग मार्करच्या प्रकारावरून ठरतो: साधा निळा, करायच्या कामाचा लाल, काम झालं की हिरवा, चॅप्टरचा केशरी. बाकीचं वर्गीकरण नावातूनच करावं लागतं.

आता नाव. ‘चांगला’ हे मार्करचं नाव होऊ शकत नाही. चांगला म्हणजे काय, आणि वापरताना काय सांभाळायचं, हे दोन्ही आलं पाहिजे. समजा, एका निवृत्त शिक्षकांची चाळीस मिनिटांची मुलाखत आहे. त्यातले मार्कर असे दिसावेत:

- बाइट – पहिला दिवस – ‘वर्गात कुणीच नव्हतं’पासून घे
- बाइट – बदली – पहिलं वाक्य तुटलंय, दुसरं स्वच्छ
- दोष – आवाज – मागे गाडी
- बी-रोल – फळा, हात – इथे कट झाकायचाय

आधी जात, मग विषय, मग सूचना. क्रम पक्का असला की यादी नावाने लावल्यावर सगळे बाइट एकाखाली एक येतात.

नावं देवनागरीत लिहावीत की रोमनमध्ये, हा प्रश्न नेहमी येतो. प्रोजेक्ट शेवटपर्यंत एकाच सॉफ्टवेअरमध्ये राहणार असेल तर देवनागरीत लिहायला हरकत नाही, वाचायलाही सोपं. पण मार्कर ईडीएलमधून (कटची यादी असलेल्या टेक्स्ट फाइलमधून) दुसरीकडे पाठवायचे असतील तर ते स्वरूप जुनं आणि साध्या रोमन मजकुरासाठी बनलेलं आहे. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येऊ शकतात. रोमनमध्ये लिहिलंत तर स्पेलिंग एकच ठेवा. ‘शाळा’ कुठे एका ‘ए’ने आणि कुठे दोन ‘ए’ने लिहिली की शोधताना निम्मेच मार्कर हाती लागतात.

## टप्पा ३: मूळ क्लिपवर मार्कर, दोन फेऱ्यांत

हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वाचवणाराही. क्लिप टाइमलाइनवर टाकू नका. बिनमधून सोर्स मॉनिटरमध्ये किंवा सोर्स व्ह्यूअरमध्ये उघडा आणि तिथेच मार्कर टाका. असे मार्कर मूळ क्लिपवर बसतात आणि तिचा तुकडा टाइमलाइनवर टाकला की सोबत येतात.

पहिली फेरी: न थांबता. क्लिप चालू ठेवा आणि जिथे काही सापडेल तिथे एम दाबा. नाव नाही, विचार नाही, मागे जाणं नाही. पहिल्यांदा ऐकताना जे खटकतं किंवा भिडतं ते दहाव्यांदा ऐकताना कळत नाही. ते या फेरीत पकडायचंय. दर वेळी थांबून नाव लिहिलंत तर मुलाखतीची लय कानातून जाते. कीबोर्डच्या यादीत बघा, रंगाच्या मार्करला वेगळी कळ नेमता येत असेल तर हिरवा आणि लाल एवढ्या दोघांना तरी नेमून ठेवा. म्हणजे चालू क्लिपवरच चांगलं-वाईट वेगळं होतं.

दुसरी फेरी: नावं आणि जागा. आता मार्करवरून मार्करवर उडी मारायची. प्रीमिअरमध्ये शिफ्ट आणि एमने पुढच्या मार्करवर जाता येतं, त्यालाच कंट्रोल जोडला की मागच्या. रिझॉल्व्हमध्ये शिफ्टसोबत खालचा आणि वरचा बाण. प्लेहेड मार्करवर थांबलेला असताना एम दाबला की त्याची खिडकी उघडते.

कळ नेहमी उशिरा दाबली जाते. वाक्य ऐकू आलं, आवडलं, बोट हललं – यात अर्धा सेकंद सहज जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या फूटेजमध्ये बारा-तेरा फ्रेम. म्हणून दुसऱ्या फेरीत प्रत्येक बाइटचा मार्कर वाक्याच्या सुरुवातीआधीच्या श्वासापर्यंत मागे ओढा. दोषाचा मार्कर थोडा मागेपुढे असला तरी बिघडत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

लांबीचे मार्कर. बाइट बारा सेकंदांचा असेल तर एका बिंदूवरची खूण अपुरी पडते. ऑल्ट दाबून मार्कर ओढला की तो पट्टीसारखा पसरतो. मॅकवर ऑल्टऐवजी ऑप्शन. प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत हे चालतं. रिझॉल्व्हमध्ये तर मीडिया पूलमधून असे लांबीचे मार्कर थेट सबक्लिपमध्ये, म्हणजे मोठ्या क्लिपमधल्या वेगळ्या तुकड्यांमध्ये, बदलता येतात, आणि मार्करचं नावच सबक्लिपचं नाव होतं. दुसऱ्या फेरीत नावं नीट लिहायचं हे आणखी एक कारण.

पूर्ण क्लिपबद्दलच नोंद असेल, उदाहरणार्थ ‘हा सगळा टेक एनजी’ (म्हणजे बाद), तर मार्कर वापरू नका. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी फ्लॅग आहे, कळ जी. फ्लॅग फ्रेमवर नसतो, तो क्लिपला लागतो आणि ती क्लिप जिथे जिथे वापरली असेल तिथे तिथे दिसतो. प्रीमिअरमध्ये हेच काम लेबलच्या रंगाने किंवा बिनमधल्या एखाद्या रकान्याने होतं.

इशारा: क्रम उलटा करू नका. क्लिप आधी कापून टाइमलाइनवर मांडली आणि मग मूळ क्लिपवर मार्कर टाकत बसलात, तर आधीच मांडलेल्या तुकड्यांवर ते उमटतील असं धरून चालू नका.

तपासा: प्रीमिअरमध्ये विंडो मेनूतून मार्कर्स पॅनल उघडा, शोधपट्टीत ‘बाइट’ लिहा. यादी वाचून प्रत्येक ओळीतला शॉट न बघता डोळ्यांसमोर येत असेल तर पुढे जा. पॅनल रिकामं दिसलं तर घाबरू नका. ते कधी सोर्स क्लिपचे मार्कर दाखवतं, कधी सिक्वेन्सचे (टाइमलाइनवरच्या कटला प्रीमिअरमध्ये सिक्वेन्स म्हणतात); आधी योग्य खिडकीवर क्लिक करा.

## टप्पा ४: टाइमलाइनचे मार्कर, आणि निवडीचा सापळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टाइमलाइनवर असताना क्लिप निवडलेली असेल तर मार्कर क्लिपवर पडतो. काहीच निवडलेलं नसेल तर पट्टीवर. प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह दोन्हींचा हा नियम आहे. आत्ताच एखादी क्लिप ट्रिम केली, ती निवडलेलीच राहिली आणि एम दाबला: ‘इथून संगीत सुरू’ हा मार्कर क्लिपला चिकटला. उद्या ती क्लिप उडवली की नोंदही गेली.

म्हणून कटच्या नोंदीआधी कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबून निवड काढायची सवय लावा. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. तरीही मार्कर क्लिपवरच पडत असेल, तर प्लेहेडखालची क्लिप आपोआप निवडणारा पर्याय चालू आहे का बघा. प्रीमिअरमध्ये तो सिक्वेन्स मेनूत ‘सिलेक्शन फॉलोज प्लेहेड’ नावाने असतो, रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन मेनूत. रंग तपासताना तो सोयीचा, मार्कर टाकताना त्रासदायक.

पुढचा प्रश्न रिपलचा. टाइमलाइनचा मार्कर वेळेवर बसलेला असतो. मधले दहा सेकंद रिपल डिलीट केले, म्हणजे कापून मोकळी जागाही मिटवली, तर क्लिप मागे येतात, पण मार्कर मागे येतीलच असं नाही. प्रीमिअरमध्ये मार्कर्स मेनूत ‘रिपल सिक्वेन्स मार्कर्स’ हा पर्याय आहे, रिझॉल्व्हमध्येही टाइमलाइनच्या मार्करसाठी तसाच आहे. तो चालू असेल तर मार्कर क्लिपसोबत सरकतात. रफ कटमध्ये चालूच ठेवा. पण काही मार्कर ठरलेल्या वेळेशी बांधलेले असतील, म्हणजे ‘३० सेकंदांत इथे संपलं पाहिजे’ अशा जाहिरातीसारख्या कामात, तर बंद ठेवा.

तपासा: खऱ्या कटवर प्रयोग करू नका. सिक्वेन्सची नक्कल करा, सुरुवातीचे दहा सेकंद रिपल डिलीट करा आणि शेवटचा मार्कर आपल्याच शॉटवर आहे का बघा. मिनिटाचं काम आहे.

फायनल कट प्रोमध्ये मार्कर नेहमी क्लिपवरच बसतात. कटच्या नोंदींसाठी वर एक लांब, रिकामी टायटल क्लिप पसरून मार्कर तिच्यावर टाकता येतात. ती खालच्या एका क्लिपला जोडलेली असते. ती क्लिप काढताना जपा.

### संगीताच्या ठोक्यांवर मार्कर

ठोक्यांचे मार्कर पट्टीवर टाकू नका, संगीताच्या क्लिपवरच टाका. गाणं चार फ्रेम पुढे सरकवलं की पट्टीवरचे सगळे मार्कर बेताल होतात. क्लिपवरचे सोबत सरकतात.

ऑडिओ क्लिप उघडा, चालू ठेवा आणि ठोक्यावर एम दाबत जा. प्रत्येक ठोक्यावर नको. १२० बीपीएमच्या तुकड्यात मिनिटाला १२० ठोके होतात. इतक्या खुणांत कट कुठे करायचा हे कळेनासं होतं. आवर्तनाची सम, ओळीची सुरुवात, वाद्य बदलतं ती जागा – एवढे पुरतात. नंतर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून मार्कर टोकावर बसवा. याच १२० बीपीएमला २५ फ्रेमच्या टाइमलाइनमध्ये दोन ठोक्यांमध्ये साडेबारा फ्रेम येतात. म्हणजे अंतर एकदा बारा, एकदा तेरा असंच येणार. तो मार्करचा दोष नाही, जुळवत बसू नका.

मग स्नॅपिंग चालू करा – प्रीमिअरमध्ये एस, रिझॉल्व्हमध्ये एन – आणि कट ओढला की तो मार्करला चिकटतो.

पट्टीवरच मार्कर लागतात असं एक काम आहे. प्रीमिअरमध्ये ‘ऑटोमेट टू सिक्वेन्स’ने बिनमधले फोटो किंवा शॉट एकदम मार्करवर मांडायचे असतील, तर ते सिक्वेन्सचेच मार्कर बघतं. फोटोंच्या झटपट मालिकेसाठी ही सोय झकास आहे.

## टप्पा ५: दुरुस्त्यांच्या नोंदी

क्लायंटला किंवा दिग्दर्शकाला फाइल पाठवली, त्यांच्याकडून ‘२ मिनिटं १० सेकंदाला शॉट बदला’ असं उत्तर आलं. ही नोंद मार्करवर उतरवण्याआधी दोन गोष्टी बघा.

एक, टाइमकोडची सुरुवात. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात एक तासापासून सुरू होते. त्यांच्या प्लेअरमधली २:१० ही जागा तुमच्याकडे ०१:०२:१०:०० ला आहे. दोन, कोणता कट. पाठवलेल्या कटची नक्कल तशीच बाजूला ठेवलेली असली पाहिजे. तुम्ही दरम्यान पुढे काम केलं असेल तर त्यांच्या वेळा नव्या टाइमलाइनला लागू होत नाहीत. नोंदी आधी जुन्या नक्कलेवर टाका, शॉट ओळखा, मग नव्यात जा.

दुरुस्तीचे लाल मार्कर काम झालं तरी पुसू नका, रंग बदला. ‘तुम्ही हे केलंच नाही’ असं कुणी म्हणालं तर यादी तयार असते. रिझॉल्व्हच्या एडिट इंडेक्समध्ये एकाच रंगाचे मार्कर गाळून बघता येतात, प्रीमिअरच्या मार्कर्स पॅनलमध्येही. लाल संपले की दुरुस्त्या संपल्या.

इशारा: एका मार्करमध्ये दोन कामं लिहू नका. ‘शॉट बदल आणि आवाज कमी कर’ यातलं एक झालं, एक राहिलं, तर रंग कोणता देणार?

## टप्पा ६: मार्कर बाहेर पाठवणं

प्रीमिअरमध्ये फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून मार्करची यादी सीएसव्ही किंवा टेक्स्टमध्ये काढता येते. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या टाइमलाइनवर राइट-क्लिक करून मार्कर ईडीएलमध्ये जातात. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये थेट डबल-क्लिकने उघडल्यावर देवनागरीचा चुराडा झालेला दिसला, तर ती आधी बंद करा आणि इम्पोर्टच्या मार्गाने योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा. फाइल शाबूत असते, उघडण्याची पद्धत चुकलेली असते.

यूट्यूबसाठी चॅप्टर काढत असाल तर त्यांच्या अटी मार्कर टाकतानाच पाळा: पहिला चॅप्टर ०:०० वर, किमान तीन चॅप्टर, वेळा चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक चॅप्टर किमान दहा सेकंदांचा. पहिला मार्कर शीर्षकानंतर सातव्या सेकंदाला टाकला की चॅप्टर दिसतच नाहीत, आणि लोक कारण भलतीकडेच शोधत बसतात.

चॅप्टरचा रंग राखीव ठेवायला सांगितलं ते इथे कामी येतं. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर मार्करपासून चॅप्टर बनवताना रंग निवडावा लागतो, आणि त्या रंगाचे सगळे मार्कर चॅप्टर म्हणून फाइलमध्ये जातात. त्याच रंगात ‘हा शॉट फेका, हसू आवरत नाहीये’ अशी तुमची खासगी नोंद असेल, तर ती प्रेक्षकाला चॅप्टरच्या नावासारखी दिसेल. प्रीमिअरमध्ये चॅप्टर हा मार्करचा वेगळा प्रकारच आहे. खिडकीत तो निवडल्याशिवाय साधा मार्कर चॅप्टर होत नाही.

तपासा: एक्सपोर्ट झालेली फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका, साध्या प्लेअरमध्ये उघडा आणि चॅप्टरची यादी वरपासून खालपर्यंत वाचा.

## टप्पा ७: आवराआवर

काम संपल्यावर सगळे मार्कर एका आज्ञेने पुसता येतात, आणि तिथेच शेवटचा अपघात होतो. पुसण्याआधी काय निवडलेलं आहे, कोणती खिडकी चालू आहे ते बघा. नाहीतर टाइमलाइनचे पुसायला जाऊन मूळ क्लिपवरचे सगळे बाइट पुसले जातील. टाइमलाइनचे मार्कर पुसायचे ते अंतिम कटच्या नकलेवर. मूळ क्लिपवरचे मार्कर कधीच पुसू नका. त्याच फूटेजमधून उद्या एक मिनिटाची छोटी आवृत्ती मागितली जाते, तेव्हा ‘बाइट’ शोधून दहा मिनिटांत कट उभा राहतो. टेक्स्ट फाइलमधली रंगांची यादीही प्रोजेक्टसोबतच संग्रहात टाका.